कॅनडात पोकलेन चालवायची आहे: युनियनमध्ये जावं की रोखीचं काम धरावं?

परभणीचा_ऑपरेटर
नमस्कार मंडळी. नऊ वर्षं पोकलेन चालवली, त्यातली अडीच समृद्धी महामार्गावर. बायकोला ब्रॅम्प्टनला नोकरी लागली म्हणून मार्चमध्ये इथं आलो. कामाचा परवाना आहे. एक ठेकेदार घरांची तळघरं खोदायला बोलावतोय. पैसे रोख, पगाराची स्लिप नाही. बाकीचे म्हणतात, ऑपरेटिंग इंजिनिअर्सच्या (म्हणजे अवजड मशीन चालवणाऱ्यांच्या युनियनच्या) लोकल ७९३ या इथल्या शाखेत जा, तिथं ट्रेनिंगपण देतात. नऊ वर्षांनंतर पुन्हा शिकाऊ व्हायचं, हे मनाला पटत नाही. ज्यांनी इथं गाडी चालवली आहे त्यांनी सांगा.

मिसिसॉगाची_ताई
माझे मिस्टर इलेक्ट्रिशियनांच्या युनियनमध्ये आहेत. पहिलं वर्ष ओढाताणीचं गेलं. पण मुलीच्या दातांचा खर्च त्यांच्या प्लॅनमधून निघाला, तेव्हा हायसं वाटलं. भाऊ, घाई करू नका.

हॅमिल्टनचा_क्रेनवाला
दादा, मी सांगलीचा. आधी पोकलेन, आता मोबाइल क्रेन. तुझ्यासारखाच अनुभवाचा ताठा घेऊन आलो होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी कायद्याचं. आपल्या ओंटारिओ प्रांतात १६,००० पौंडांपेक्षा जास्त वजन उचलणारी क्रेन चालवायची तर सर्टिफिकेट लागतं, नाहीतर रीतसर अप्रेंटिस म्हणून नोंद लागते. पोकलेनला तशी सक्ती नाही, म्हणूनच तो ठेकेदार तुला उद्या सीटवर बसवू शकतो.

युनियनचं ट्रेनिंग सेंटर ओकव्हिलला आहे, दुसरं मॉरिसबर्गला. तिथल्या यार्डात मी पहिल्याच दिवशी बकेट बदलली. इथं क्विक कपलर असतो, केबिनमधून बटण दाबलं की बकेट धरतो. मी धरली आणि लगेच बूम, म्हणजे मशीनचा लांब हात, उचलून फिरवायला लागलो. मास्तरांनी हात वर करून थांबवलं. बकेटचे दात जमिनीवर टेकव, दाबून आपल्याकडं ओढ, पिन बसली आहे का ते डोळ्यांनी बघ, मगच उचल, म्हणाले. ते त्यांनी माझ्याकडून वीस वेळा करून घेतलं. तेव्हा मला आमचा हेल्पर आठवला. गावाकडं पिन जुळली का बघायला तो बकेटच्या कानातल्या भोकात बोट घालायचा. एक दिवस माझ्याकडून बूम बोटभर हलला आणि त्याच्या बोटाचं पेर गेलं. मालकानं दवाखान्याचं बिल दिलं आणि विषय संपवला. मला हे कुणी शिकवलं असतं तर त्या पोराचं बोट शाबूत राहिलं असतं. अजून झोपताना आठवतं.

दुसरं, खोदाईच्या आधीचं. इथं ओंटारिओ वन कॉलला, म्हणजे जमिनीखालच्या लाइनींची चौकशी जिथं करायची त्या सेवेला, कळवल्याशिवाय बकेट जमिनीला लावता येत नाही. मग लोक येऊन जमिनीवर रंग मारून जातात: पिवळा गॅसचा, लाल विजेचा, निळा पाण्याचा, हिरवा सांडपाण्याचा, केशरी टेलिफोन-इंटरनेटचा. खुणेपासून एक मीटरच्या आत मशीन चालवायची नाही, हातानं खणायचं किंवा व्हॅक्यूमच्या ट्रकनं माती ओढून घ्यायची. त्या ठेकेदाराला लोकेटचा, म्हणजे या खुणा करून घेतल्याचा, कागद माग. त्यानं टाळाटाळ केली तर तिथून निघ.

आता रोखीचं. जानेवारीत जमीन गोठते, बरीच कामं बंद पडतात. तेव्हा इथले ऑपरेटर बेकारी विम्यावर घर चालवतात. तो विमा नोंदलेल्या तासांवर मिळतो. स्लिप नाही तर तास नाहीत.

युनियनचा खरा उपयोग मला एका चरात कळला. पाऊस पडलेला, तीन मीटर खोल चर, भिंती ढासळू नयेत म्हणून लावायची आधाराची पेटी लावलेली नाही आणि फोरमन दोन पोरांना आत उतरवायला निघाला. १.२ मीटरच्या पुढं आधार लागतोच, हे वर्गात घोकून घेतलं होतं. मी इंजिन बंद करून खाली उतरलो. धोक्याचं काम नाकारायचा हक्क इथं कायद्यानं जवळपास सगळ्याच कामगारांना आहे, पण नवख्या माणसाच्या तोंडून 'नाही' निघत नाही. त्या दिवशी युनियनचा प्रतिनिधी शेजारी येऊन उभा राहिला. दुपारी पेटी आली. माझा एक तासही कापला गेला नाही.

खर्चही सांगतो. प्रवेश फी आहे, दर महिन्याची वर्गणी आहे, आणि कामाच्या यादीत आपला नंबर लागेपर्यंत वाट बघावी लागते. वहिनींचा पगार आहे तोवर ही कळ सोस. शिकाऊ म्हणवून घ्यायची लाज मात्र धरू नकोस. १८९६ साली शिकागोत वाफेची इंजिनं चालवणाऱ्या अकरा जणांनी ही संघटना उभी केली, पुढच्या वर्षी कॅनडावाले आले. नावातला 'इंजिनिअर' म्हणजे आपल्यासारखा मशीन चालवणाराच.

परभणीचा_ऑपरेटर
दादा, बोटाचं वाचून हात थांबला. आमच्या साइटवरही हेल्पर असंच करायचा. ठेकेदाराला नाही कळवतो. अनुभवाचा पुरावा काय नेऊ?

हॅमिल्टनचा_क्रेनवाला
मालकाकडून लेटरहेडवर पत्र घे: कुठली गाडी, किती टनाची, कधीपासून कधीपर्यंत. लॉगशीटचे फोटो असतील तर तेही. इंग्रजीत करून घे. पण शेवटी युनियनवाले तुला सीटवर बसवूनच बघतील. जाण्याआधी त्यांना फोन करून विचार. आणि हिरव्या त्रिकोणाची खूण असलेले सेफ्टी बूट घालून जा, गावाकडून आणलेले यार्डात चालणार नाहीत.