मदत हवी आहे: वाइड लेन्सच्या फोटोत डावीकडे गुलाबी, उजवीकडे हिरवट झाक

रेंजफाइंडरची (आरसा नसलेल्या जुन्या पद्धतीच्या कॅमेऱ्याची) १५ मिमी लेन्स अ‍ॅडॅप्टरने फुलफ्रेम मिररलेसवर वापरतोय. पांढरी भिंत किंवा ढगाळ आकाश असलं की डाव्या कडेला गुलाबी-जांभळट आणि उजव्या कडेला हिरवट झाक दिसते. मधला भाग ठीक. व्हाइट बॅलन्सने एक कड सुधारली की दुसरी बिघडते. त्याच बॉडीवर ५० मिमीला काही होत नाही. रॉ फाइल्स आहेत, सॉफ्टवेअर रॉथेरपी. आधी काढलेले फोटोही सुधारता येतील का?

छायाप्रकाश:
व्हाइट बॅलन्स अख्ख्या फ्रेमला एकच लागतो, ही झाक मात्र जागेप्रमाणे बदलते. त्यामुळे तो नाद सोडा. या लेन्सची मागची काच सेन्सरच्या अगदी जवळ येते, म्हणून कडेचे किरण फार तिरके पडतात. काही प्रकाश शेजारच्या पिक्सेलमध्ये सांडतो, शिवाय इन्फ्रारेड फिल्टरमधून तिरकं जाताना लाल रंग कापला जातो. एसएलआरच्या वाइड लेन्सना आरशासाठी मागे जागा सोडावीच लागायची, म्हणून त्यांना हा त्रास फारसा नाही.

उपाय फ्लॅट-फील्डचा: एकसारख्या उजळ पृष्ठभागाचा फोटो काढायचा, त्यात दिसणारी झाक सॉफ्टवेअर बाकीच्या फोटोंतून वजा करतं. साइनबोर्डवाल्यांकडून ३ मिमी दुधी अ‍ॅक्रिलिकचा तुकडा घ्या. तो लेन्सच्या तोंडावर टेकवून, बाजूने उजेड न शिरू देता, दिवसा खिडकीकडे रोखून रॉ फोटो काढा. आयएसओ १००, अ‍ॅपर्चर आणि फोकस मूळ फोटोइतकाच. हिस्टोग्रॅम (उजेडाचा आलेख) मधोमध किंवा किंचित उजवीकडे. एकही रंग टोकाला कापला जाता कामा नये. बोटांची सावली तपासा, नाहीतर तीच उलटी होऊन प्रत्येक फोटोवर उमटेल.

मग रॉ टॅबमध्ये फ्लॅट-फील्ड उघडून ही फाइल निवडा. ब्लर टाइप ‘एरिया’, रेडियस आहे तो ३२ राहू द्या.

पिक्सेलपंत:
भर घालतो. ‘ऑटो-सिलेक्शन’वर विसंबू नका. ते लेन्स आणि अ‍ॅपर्चरच्या नोंदी जुळवतं, आणि मॅन्युअल लेन्सच्या फाइलमध्ये त्या नसतातच. फाइल हाताने निवडा.

एलईडी दिव्याखाली इलेक्ट्रॉनिक शटर नको. फ्रेमवर पट्टे येतात, आणि दुरुस्तीच्या नावाखाली ते सगळ्या फोटोंत जातात.

रॉथेरपी रंगाबरोबर कोपऱ्यांचा अंधारही भरून काढतं. कोपरे उजळले की तिथला नॉइज दिसायला लागतो. खटकला तर शेवटी व्हिनेट फिल्टरने थोडा अंधार परत आणा. लेन्स प्रोफाइलची व्हिनेटिंग दुरुस्ती मात्र बंदच हवी, नाहीतर दुप्पट होईल. लाइटरूम क्लासिकमध्ये फक्त रंग सुधारायचीही सोय आहे, पण तेवढ्यासाठी ते घ्यायची गरज नाही.

धागाकर्ता:
जुन्या फोटोंचं अ‍ॅपर्चर आठवत नाही. मग?

छायाप्रकाश:
चालेल. झाक लेन्स आणि बॉडीच्या जोडीची आहे, त्या दिवसाची नाही. एफ/५.६, ८ आणि ११ला, फोकस अनंतावर ठेवून एकेक फ्रेम आजच काढा. रंग बहुधा तिन्हींनी सुटेल. कोपऱ्यांचा उजेड ज्याने सर्वांत सपाट होतो ती ठेवा. बॉडी बदलली तर मात्र फ्रेम नव्याने काढाव्या लागतील.