मदत हवी आहे: नवीन पीसीला रॅम ३२ जीबी घेऊ की सरळ ६४?

नमस्कार मंडळी, नागपूरहून लिहितोय. मी आणि लहान भाऊ मिळून एक पीसी जुळवतोय, रायझेन ७ ७७०० प्रोसेसर आणि बी६५० मदरबोर्ड पक्का झालाय, म्हणजे रॅम डीडीआर५च लागणार, एएम५ वर (या प्रोसेसरच्या सॉकेटवर) जुनी डीडीआर४ बसतच नाही. रात्री भाऊ गेम खेळणार आणि दिवसा मी दाविंची रिझॉल्व्हवर लग्नाचे फोर-के व्हिडिओ एडिट करणार, त्यात फ्यूजन (इफेक्ट्सचा भाग) उघडलं की रॅम किती खातं ते ज्यांनी वापरलंय त्यांना माहीतच असेल.

बर्डीतला दुकानदार म्हणतो आत्ता १६-१६ च्या दोन स्टिक टाका, पुढे अजून दोन टाकू. मला हे पटत नाहीये, कारण एएमडीच्या स्पेसिफिकेशनमध्येच दोन स्टिकला ५२०० आणि चार स्टिकला फक्त ३६०० स्पीड दिलाय, एक्स्पो (रॅमचा स्पीड वाढवायची एएमडीची सेटिंग) लावून चौघी ६००० ला चालतील याची गॅरंटी कोण देणार? म्हणून ३२-३२ ची जोडी एकदमच घ्यावी असं वाटतंय, पण बजेट ताणलं जातंय राजेहो.

६००० स्पीडच्या सीएल३० आणि सीएल३६ रॅममध्ये (सीएल म्हणजे लेटन्सी, कमी तितकी चांगली) एडिटिंगला खरंच फरक जाणवतो का? की सीएल३६ घेऊन वाचलेले पैसे एनव्हीएमई एसएसडीत टाकू? आणि टॉवर कूलरखाली उंच हीटसिंकवाली रॅम अडते का? आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला जातो, त्यामुळे कूलर छोटा घेणार नाही.

असाच सेटअप कोणी विदर्भात वापरत असेल तर प्लीज सांगा, पुढच्या आठवड्यात घ्यायचंय.