सोसायटीत डेंग्यूचे सहा रुग्ण: सर्वांना माहिती असूनही अळ्या घरातच का सापडतात?

नेरूळ_सचिव:

नमस्कार. नेरूळमधील आमच्या सोसायटीत 4 इमारती आणि 64 घरे आहेत. गेल्या 3 आठवड्यांत 6 जणांना डेंग्यू झाला असून त्यांपैकी सातवीतल्या एका मुलीला 5 दिवस रुग्णालयात ठेवावे लागले. मी तातडीची सभा बोलावली, तेव्हा सर्वांनी एकमुखाने धूरफवारणीची मागणी केली आणि तितक्याच एकमुखाने दोष दिला तो इमारतीमागच्या धारण तलावाला व त्यापलीकडच्या खारफुटीला. डेंग्यूचा डास कोणत्या पाण्यात वाढतो, असे मी सभेतच विचारले. निम्म्याहून अधिक सभासदांनी 'साठलेल्या स्वच्छ पाण्यात' हे बरोबर उत्तर दिले. दोन दिवसांनी तपासणीसाठी कर्मचारी आले आणि त्याच सभासदांकडे मनी प्लांटच्या बाटलीत, फ्रिजमागच्या ट्रेमध्ये आणि कुंड्यांखालच्या ताटल्यांत अळ्या निघाल्या. माझ्या गॅलरीत चिमण्यांसाठी ठेवलेल्या भांड्यातही त्या होत्या. ते पाहिल्यापासून मी अस्वस्थ आहे, कारण भांड्यात रोज वरून पाणी घालणे म्हणजेच ते स्वच्छ ठेवणे, असे मी धरून चाललो होतो.

धूरफवारणीसाठी सोसायटीचा निधी वापरावा का, हा माझा पहिला प्रश्न आहे. दुसरा त्याहून अवघड आहे. पत्रके वाटून झाली, फलक लावून झाले, माहिती सर्वांपर्यंत पोहोचली आहे. तरीही कृती होत नसेल तर नेमके काय करावे?

निवृत्त_आरोग्यकर्मचारी:

सचिवसाहेब, मी हिवताप विभागात 27 वर्षे काम केले आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. धुराने फक्त उडते डास मरतात, तेही थेंब त्यांच्या अंगाला लागले तरच. पाण्यातल्या अळ्यांना आणि कोषांना त्याने काहीही होत नाही. डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती हा डास घरात, पलंगाखाली, पडद्यामागे, टांगलेल्या कपड्यांत बसतो. आमची गाडी गल्लीत शिरली की लोक धडाधड खिडक्या लावून घेत असत. वास सहन होत नाही, हे मला समजते, पण त्यामुळे धूर रस्त्यावर राहतो आणि डास घरात. रुग्ण आढळलेल्या घरात आणि आसपासच्या घरांत औषध फवारण्यास महापालिकेचे पथक येते, त्यांना अवश्य आत घ्यावे. सोसायटीने स्वतःचा पैसा मात्र केवळ धुरावर घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

धारण तलावाविषयी बोलायचे तर नाल्यातल्या, गटारातल्या घाण पाण्यात वाढणारा आणि रात्री गुणगुणणारा डास बहुतेक वेळा क्युलेक्स असतो. त्याचा उपद्रव खरा आहे, पण तो डेंग्यू देत नाही. एडिस दिवसा चावतो, विशेषतः सूर्योदयानंतरच्या आणि सूर्यास्तापूर्वीच्या दोन-तीन तासांत, आणि जिथे जन्मतो तिथून सहसा काहीशे मीटरपलीकडे जात नाही. म्हणून सातवीतल्या त्या मुलीला चावलेला डास तुमच्याच आवारात, कदाचित तिच्याच मजल्यावर वाढला असण्याची शक्यता मोठी आहे.

भांड्यातले पाणी नुसते ओतून देणे पुरत नाही, ही गोष्ट पत्रकांत असली तरी फारशी कुणाच्या लक्षात राहत नाही. एडिसची मादी पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, भांड्याच्या आतल्या बाजूला अंडी चिकटवते आणि ती अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात. पुन्हा पाणी भरले की त्यांतून अळ्या बाहेर येतात. तेव्हा भांडे काथ्याने किंवा घासणीने आतून घासले पाहिजे. आपल्याकडच्या हवेत अंड्यापासून डास व्हायला साधारण 7 ते 10 दिवस लागतात आणि आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळावा, हे त्याच हिशेबाने सांगितले जाते. 'गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा' ही घोषणा आपण सर्वांनी भिंतींवर वाचली आहे; विहिरीत, कारंज्यात, मोठ्या हौदात ते मासे उत्तम काम करतात, परंतु फ्रिजच्या ट्रेमध्ये कोण मासे सोडणार?

तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर माझा अनुभव सांगतो. मी कुणाच्याही घरी व्याख्यान देत नसे. त्यांच्याच घरातले पाणी काचेच्या पेल्यात घेऊन तो खिडकीपाशी उजेडात धरत असे आणि वळवळणाऱ्या अळ्या घरच्या मुलांना दाखवत असे. ज्या घरातल्या मुलाने त्या एकदा पाहिल्या, त्या घरात पुढच्या फेरीला मला क्वचितच काही सापडले.

घोडबंदर_डॉक्टर:

काकांनी लिहिलेल्या प्रत्येक मुद्द्याशी मी सहमत आहे. ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर माझा दवाखाना आहे आणि दर पावसाळ्यात मला हेच चित्र दिसते. मला वेळेचा मुद्दा मांडायचा आहे. डास रुग्णाला चावल्यापासून तो दुसऱ्याला आजार देण्याच्या स्थितीला येईपर्यंत साधारण 8 ते 12 दिवस जातात आणि चावा घेतल्यानंतर माणसाला ताप यायला आणखी 4 ते 10 दिवस. म्हणजे तुम्ही आज जो सहावा रुग्ण मोजत आहात, त्याची साखळी दोन-तीन आठवड्यांपूर्वी सुरू झाली होती. सभा घेऊन दोन दिवसांत रुग्ण थांबले नाहीत, तर प्रयत्न फसले असे समजून काम सोडू नका.

तापाच्या पहिल्या 5 दिवसांत रुग्णाला चावलेला डास पुढे आजार पसरवू शकतो, म्हणून रुग्णाला दिवसासुद्धा मच्छरदाणीत झोपवावे. ही सूचना मी देतो तेव्हा नातेवाईक मान डोलावतात आणि संध्याकाळी मच्छरदाणी लावतात.

आपल्या सोसायट्यांमध्ये प्लेटलेटच्या आकड्याचा धसका फार आहे. रक्तस्राव नसेल तर केवळ आकडा लाखाच्या खाली गेला म्हणून प्लेटलेट चढवायच्या नसतात. राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत ती मर्यादा 10,000 च्या खाली आहे. पपईच्या पानांच्या रसावर विसंबून पाणी, सरबत, पेज देण्याकडे दुर्लक्ष होते आणि ते नुकसानकारक असते. तापासाठी डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात पॅरासिटामॉल घ्यावे. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन टाळावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ताप उतरताना घरचे निर्धास्त होतात आणि नेमका तोच काळ धोक्याचा असतो. पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, कमालीची मरगळ किंवा बेचैनी यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

तुर्भेची_लेक:

सर्वांचे म्हणणे पटले, पण एक बाजू राहिली आहे. आम्ही तुर्भ्याला डोंगराच्या कडेच्या वस्तीत राहतो आणि आमच्याकडे पाणी ठरावीक वेळीच येते. 'पाणी साठवू नका' असे सांगणाऱ्याला मी काय उत्तर द्यावे? पिंप भरले नाही तर दुसऱ्या दिवशी स्वयंपाक कशाने करायचा? आम्ही पिंपावर जुनी साडी दुहेरी करून दोरीने घट्ट बांधतो आणि रविवारी पिंप रिकामे करून घासतो. तेवढे जमते.

माझी आई नेरूळला चार घरी काम करते. तिथे नळाला दिवसभर पाणी असूनही मोरीत दोन बादल्या कायम भरून ठेवायला सांगतात. आईला डेंग्यूचे सगळे ठाऊक आहे, कारण गेल्या वर्षी माझ्या भावाला तो झाला होता. तरी दुसऱ्याच्या घरातली बादली आपण होऊन ओतायची, तर ती घरच्या ताईंना विचारल्याशिवाय कशी ओतणार? सचिव काका, तुमच्या सभेला घरकाम करणाऱ्या बायकांना, माळ्याला आणि वॉचमनला बोलावले होते का?

नेरूळ_सचिव:

नाही, बोलावले नव्हते. ताई, तुमचा प्रश्न वाचून मी थांबलो. कुंड्यांना पाणी घालणारा, टाकीचे झाकण उघडणारा आणि बादल्या भरणारा, यांपैकी कुणीच सभेत नव्हते आणि मी मात्र ज्ञान व कृती यांच्यातले अंतर शोधत होतो.

काल कार्यकारिणीत चर्चा झाली. धूरफवारणीचा ठराव आम्ही मागे घेतला आहे. त्या रकमेतून गच्चीवरील टाक्यांची 2 तुटकी झाकणे बदलणार आहोत आणि टाक्यांच्या वाहत्या नळ्यांच्या तोंडांना जाळी लावणार आहोत. दर रविवारी सकाळी 10 वाजता प्रत्येक मजल्यावरचे दोन रहिवासी आणि मुले मिळून फेरी काढतील, सोबत काचेचा पेला असेल. कुणाच्या घरी काय सापडले, हे फलकावर लिहायचे नाही, असे ठरले. नाव जाहीर होईल या भीतीने दारच उघडले नाही तर काहीच हाती लागणार नाही. शनिवारी कामाला येणाऱ्या सर्व ताईंची वेगळी बैठक आहे आणि त्यांनी पाणी ओतले तर कुणी बोल लावायचा नाही, हे प्रत्येक घराला लेखी कळवले आहे.

एक अडचण उरते. आमच्याकडे 7 घरे वर्षभर बंद असतात, मालक परदेशी आहेत, आणि त्यांच्या कमोडमध्ये व फ्लशच्या टाकीत पाणी तसेच पडून असते. 3 मालकांनी किल्ली शेजाऱ्यांकडे देण्याचे मान्य केले आहे. उरलेल्या 4 घरांबाबत कुणी काही मार्ग काढला असेल, तर कृपया लिहावे.