एका तिकिटामागे, म्हणजे गिऱ्हाइकाच्या एका तक्रारीमागे, सपोर्टचा खर्च किती धरायचा?

किराणा दुकानांसाठी आमचं बिलिंग सॉफ्टवेअर आहे. सपोर्टला तिघी. पगार, पीएफ, फोन धरून महिन्याला ७५,००० जातात. हजेरीचे तास ६००, म्हणजे तासाला १२५. टायमरवर तिकीट सरासरी १२ मिनिटांचं, म्हणजे २५ रुपये. महिन्याला १,६५० तिकिटं, ४१,२५० झाले. उरलेले ३३,७५० कुठे मुरले?

उत्तर १
मुरले नाहीत, भागाकार चुकलाय. १,६५० तिकिटं गुणिले १२ मिनिटं, म्हणजे टायमरवर ३३० तासच दिसतात ना? ७५,००० भागिले ३३० करा. तासाला २२७, तिकिटाला ४५. फोन वाजायची वाट बघत बसणंही पगारीच असतं.

उत्तर २
त्या १२ मिनिटांवरही फार विसंबू नका. आमच्याकडे एका तिकिटावर ३ तास ४० मिनिटं लागलेली. बाई टायमर चालू ठेवून जेवायला गेल्या होत्या. तक्रार काय, तर बिल कोरं येतंय. थर्मल रोल उलटा बसवलेला! असली तिकिटं आधी बाजूला काढा.
आणि ११ आणि २० तारीख वेगळी मोजा. जीएसटीआर-१ आणि ३बी ही जीएसटीची विवरणपत्रं भरायच्या दिवशी फोन खाली ठेवता येत नाही.

प्रश्न विचारणारी
४५ धरून पाहिलं, हिशेब जुळला. २० तारखेचंही खरंच, त्या दिवशी आमचा चहासुद्धा गार होतो. पण एक गिऱ्हाईक महिन्याला ४० वेळा फोन करतं, वर्षाचे देतं ६,०००. त्याचं काय करू?

उत्तर १
महिन्याला १,८०० खातंय ते. नूतनीकरणाच्या वेळी दर वाढवा.