आवडता गेम ओळखा, पण नाव घ्यायचं नाही

अ-१०३: मंडळी, आज ग्रुपवर एक खेळ मांडतेय. प्रत्येकाने आपला सर्वांत आवडता व्हिडिओ गेम मनात धरायचा आणि नाव न घेता त्याचं वर्णन टाकायचं. बाकीच्यांनी ओळखायचं. चित्र नाही, हिरोचं नाव नाही, कंपनी नाही. आपण त्यात काय करतो, नियम काय, अडतं कुठे, तेवढंच लिहा. चांगला गेम नियमावरूनच ओळखू येतो असं माझं ठाम मत आहे.

क-२०१: मी सुरुवात करतो. दिशा चार. थांबता येत नाही. जितकं मिळवाल तितकी जागा कमी, आणि शेवटी आपणच आपल्याला आडवे येतो.

अ-५०४: साप! फोनवरचा.

ब-४०२: स्नेक. २, ४, ६, ८ ही बटणं.

क-२०१: बरोबर. नोकिया ६११०, साल १९९७. तानेली अरमांतो या इंजिनिअरने लिहिला होता.

अ-१०३: पण दादा, हाच तुझा सर्वांत आवडता का?

क-२०१: नाही ताई, हा सोपा म्हणून टाकला. खरा शेवटी टाकतो. तो सांगायला अवघड आहे.

ब-४०२: मग आता मी. भिंत रचायची, पण पूर्ण झालेली ओळ लगेच नाहीशी होते. मी कडेला एक फट मुद्दाम मोकळी ठेवतो आणि एका लांब तुकड्याची वाट बघतो. तो येतो तेव्हा एका फटक्यात चार ओळी. नाही आला तर सगळं वर चढत जातं.

क-२०१: काका, टेट्रिस 🙂

अ-५०४: टेट्रिस.

ब-४०२: लगेच ओळखलात. अलेक्सेई पाजितनोव्ह यांनी १९८४ साली मॉस्कोत इलेक्ट्रोनिका ६० नावाच्या मशीनवर लिहिला. त्या मशीनला चित्रं काढताच येत नव्हती, म्हणून पहिल्या टेट्रिसमधले चौकोन चक्क कंसांच्या खुणांचे होते. तरी खेळ तोच, आजचाच. ताई, तुमचं नियमाचं म्हणणं मला म्हणूनच पटतं.

अ-१०३: अगदी. त्यावर पुढे किती रंग चढले, पण मूळ सात आकारांना हात लावावा लागला नाही.

ब-४०२: आणि निन्टेन्डोवरच्या जुन्या आवृत्तीचं मला फार कौतुक वाटतं. २९ व्या लेव्हलला तुकडे इतक्या वेगाने पडतात की बटण दाबून धरलं तर कडेपर्यंत पोचतच नाहीत. वर्षानुवर्षं लोक तोच शेवट मानत. मग नव्या पोरांनी कंट्रोलर धरायची पद्धतच बदलली, मागच्या बाजूने बोटांनी टकटक करत बटण चालवायला लागले. डिसेंबर २०२३ मध्ये १३ वर्षांच्या एका अमेरिकी मुलाने १५७ वी लेव्हल गाठली आणि गेमच गोठला. तो व्हिडिओ बघताना मला भरून आलं होतं.

ब-१०१: नमस्कार, आईच्या फोनवरून लिहितोय. माझा नंबर लागेल का?

अ-१०३: लागणार म्हणजे काय! टाक.

ब-१०१: दिवस १० मिनिटांचा असतो. अंधार पडायच्या आत घर बांधायचं. रात्री जे येतात त्यातले बरेच सकाळी उन्हात जळतात. एक मात्र जळत नाही, तो आवाज न करता मागे येतो आणि फुटतो. तो मांजराला घाबरतो.

क-२०१: माइनक्राफ्ट, आणि तो क्रीपर.

ब-१०१: हो!! क्रीपर कसा झाला माहितीय? डुक्कर बनवताना उंची आणि लांबीचे आकडे उलटे पडले. तो उभा प्राणी भीतीदायक दिसला म्हणून ठेवून दिला.

ब-४०२: शाबास. असाच प्रकार स्पेस इन्व्हेडर्समध्येही आहे, १९७८ चा. ५५ शत्रू असतात. ते कमी होत जातात तसे उरलेले जोरात धावतात. प्रोसेसरला कमी चित्रं काढावी लागली की तो भरभर काढायचा, एवढंच कारण. गेम बनवणाऱ्या निशिकाडो यांनी ते तसंच ठेवलं आणि खेळ शेवटाकडे आपोआप कठीण होत गेला.

ब-१०१: म्हणजे शेवटचा एक सगळ्यांत फास्ट?

ब-४०२: सगळ्यांत फास्ट. आणि नेम नेमका तोच चुकवतो.

अ-५०४: आता माझा घ्या. यात सगळं समोर उघडं असतं, काहीच झाकलेलं नाही. डाव पडला की पुढे नशिबाला जागाच नाही. चार रिकाम्या जागा उसन्या मिळतात. त्या एकदा भरल्या की श्वास अडकतो.

क-२०१: बुद्धिबळ?

ब-१०१: माइनस्वीपर?

अ-५०४: माइनस्वीपरमध्ये सगळंच झाकलेलं असतं रे बाळा. अजून एक सांगते. डावांना नंबर आहेत. ११९८२ नंबरच्या डावाला हात लावू नका.

अ-१०३: फ्रीसेल! काकू, काय सुंदर निवड आहे.

क-२०१: काकू, मनापासून विचारतो. तो पत्त्यांचा डाव झाला ना? व्हिडिओ गेम कसा म्हणायचा?

अ-५०४: टेबलावर पत्ते पिसले की तो डाव पुन्हा जसाच्या तसा मिळतो का? इथे नंबर टाकला की तोच डाव समोर येतो, आणि तोच नंबर टाकणाऱ्या जगातल्या कोणालाही तोच येतो. विंडोजवरच्या फ्रीसेलमध्ये असे ३२,००० डाव होते. प्रत्येक डाव सुटतो असं मानलं जातं, सिद्ध झालेलं नाही, असं त्याच्या मदतपानावरच लिहिलेलं असायचं. मग १९९४-९५ मध्ये इंटरनेटवरच्या लोकांनी ते डाव आपसात वाटून घेतले आणि एकेक करून सोडवले. एकमेकांना कधी न भेटलेली माणसं! फक्त ११९८२ उरला. पुढे कंप्युटरने सगळ्या चाली तपासल्या तरी तो सुटला नाही. कंप्युटर नसता तर हे घडलं असतं का?

क-२०१: पटलं, काकू. शब्द मागे घेतो.

अ-५०४: मी सॉलिटेअरही खेळलेय, १९९० पासून विंडोजमध्ये होता तो. पण त्यात पत्ते उलटे असतात, हरलं तर दोष पत्त्यांवर टाकता येतो. फ्रीसेलमध्ये ती सोय नाही. म्हणून हाच माझा.

ब-४०२: काकू, हे फार आवडलं. आता ताई, तुमचा?

अ-१०३: टाकते, जरा मोठा आहे. हातात एक तास. मेलात तर लेव्हल पहिल्यापासून, पण गेलेली मिनिटं परत मिळत नाहीत. धावताना एकदम थांबता येत नाही, अंगाला वेग असतो, पाय थोडे घसरतातच. उडी मारण्याआधी पावलं मोजावी लागतात. आणि एक शत्रू असा आहे की त्याच्यावर वार केला की जखम आपल्याला होते.

ब-४०२: वार करायचा नाही, मग करायचं काय?

अ-१०३: तोच तर सगळा गेम आहे, काका.

ब-१०१: मी आई. मुलाला बाजूला करून लिहितेय 🙂 प्रिन्स ऑफ पर्शिया! तलवार म्यान करायची आणि त्याच्याकडे चालत जायचं.

अ-१०३: बरोब्बर! तुम्हीही खेळलात?

ब-१०१: कॉलेजात. ते कापणारे दात असलेले दरवाजे आठवले की अजून धडधडतं.

अ-१०३: मला राहवत नाहीये, लिहितेच. १९८९ चा गेम, अॅपल टू कंप्युटरवरचा, जवळपास एकट्या जॉर्डन मेकनर यांनी केलेला. त्यांनी धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून धावायला, उड्या मारायला, लोंबकळायला लावलं, त्याचं चित्रण केलं आणि एकेक फ्रेम गिरवून राजपुत्राच्या हालचाली बनवल्या. त्या अंगाला वजन जाणवतं ते त्यामुळे. संगीत त्यांच्या वडिलांचं.

आणि तो शत्रू. मेमरी इतकी कमी उरली होती की दुसरं नवीन पात्र त्यात बसवणं अवघड होतं. मग राजपुत्राचीच चित्रं बिट्सच्या एका युक्तीने थोडी सरकवून त्यातून एक सावली तयार केली. ती आरशातून बाहेर पडते, आपल्या आधी औषधाची बाटली पिऊन टाकते, तोंडावर दार बंद करते. मग शेवटाकडे समोरासमोर येते. आपण तोवर प्रत्येकाशी तलवारीनेच बोलायला शिकलेलो असतो. इथे तलवार खाली घेतली तरच ती आपल्यात मिसळते. एक अक्षरही न लिहिता गेम हे आपल्याकडून करवून घेतो. यापेक्षा मोठं काही कुठल्या गेममध्ये मी पाहिलेलं नाही.

क-२०१: ताई, हे वाचून मला माझा सांगायचा धीर आला. यात तलवार नाही, गुण नाहीत. वाळवंट आहे आणि लांब एक डोंगर. वाटेत कधीतरी दुसरं कोणीतरी दिसतं. तो खराच माणूस असतो, जगात कुठेतरी बसलेला, पण नाव कळत नाही, बोलता येत नाही, लिहिता येत नाही. फक्त एक सूर काढता येतो. जवळ उभे राहिलात की दोघांनाही उडायचं बळ मिळतं.

अ-५०४: किती छान रे. काय आहे हा?

ब-४०२: मला येत नाही. नाव सांगून टाक.

अ-१०३: थांबा! जर्नी? २०१२ चा?

क-२०१: हो ताई. दोन-एक तासांत संपतो. वाटेत भेटलेल्यांची नावं अगदी शेवटी पडद्यावर येतात, तोवर नाही. स्नेक मी शेकडो वेळा खेळलो असेन, हा मोजक्याच वेळा. पण आवडता कोणता विचारलं की हाच येतो. बर्फातल्या चढावर माझ्या सोबतचा माणूस मागे पडला होता, वारा ढकलत होता, आणि मी सूर काढत उभा राहिलो. तो आला. कोण होता कोण जाणे.

ब-४०२: जास्त तास खेळलेला तो आवडता, असं मी समजत होतो. टेट्रिसचे तास सगळ्यांत जास्त, म्हणून तोच सांगितला.

अ-१०३: काका, तुमच्या बाबतीत दोन्ही एकच असेल. लांब तुकड्याबद्दल ज्या ओढीने लिहिलंत ना, त्यावरून तरी तसंच दिसतं.

अ-५०४: दादा, तो वाळवंटाचा गेम कंप्युटरवर चालतो का?

क-२०१: चालतो काकू, आधी फक्त प्लेस्टेशनवर होता. कधीही या, लावून देतो.

अ-५०४: मग उद्या संध्याकाळी येते. तू फक्त बटणं सांग, कंट्रोलर माझ्या हातात दे.