मदत हवी आहे: पार्लरमधल्या मुलींना टिप कशी द्यायची?

नमस्कार मंडळी, सांगलीत विश्रामबागला एका पार्लरमध्ये मी आणि आई नेहमी जातो. आईचे गुडघे दुखतात, तर तिथली एक मुलगी तिचं पेडिक्युअर इतकं जपून करते की काय सांगू, घाई नाही की तोंड वाकडं नाही, आणि ती मिरजेवरून बसने येते, दिवसभर उभी असते. तिला काहीतरी द्यावं असं मनापासून वाटतं, पण काउंटरवरचा क्यूआर मालकिणीचा, त्यावर जास्तीचे टाकले तर तिच्यापर्यंत पोचतात का ते कळत नाही आणि समोर विचारलं तर त्या पोरीलाच बोलणी बसायची. सुट्टे तर आजकाल पर्समध्ये नसतातच.

हॉटेलचं एक बरंय, २०२२ च्या केंद्राच्या नियमांनुसार सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावता येत नाही, द्यायचं ते आपल्या मर्जीने. पार्लरमध्ये काय रीत आहे? बिलाच्या दहा टक्के की सरळ ५०-१०० रुपये?

अजून एक, टिप देणाऱ्या बायकांचा नंबर आधी लागतो हे मी पाहिलंय आणि ते मला अजिबात पटत नाही, ज्यांना परवडत नाही त्यांनी काय नुसतं बसून राहायचं? म्हणून दर वेळी न देता दिवाळीला एकदम पाकीट दिलं तर चालेल का? की तिच्या स्वतःच्या नंबरवर जीपे करू, त्याने तिला अडचण तर नाही ना होणार? कोणी पार्लरमध्ये काम करत असेल किंवा चालवत असेल तर प्लीज स्पष्ट सांगा.