क्लाउडवरचा फोल्डर उघडत नाही, पासवर्ड बरोबर आहे, तातडीने मदत हवी

बार्देसकर
अशिलांची सगळी कागदपत्रं क्लाउडवर लॉक करून ठेवलीत. कालपासून उघडत नाहीत. पासवर्ड बरोबर आहे, तीनदा बघून टाकला. सोमवारी म्हापशाच्या कोर्टात इन्व्हेंटरीची (वारसांमधल्या वाटणीची) तारीख, आणि जमिनीच्या नोंदींचे फॉर्म १ व १४ चे उतारे, पोर्तुगीज दस्तांचे स्कॅन सगळे आतच. लवकर सांगा. ‘बॅकअप का नाही घेतला’ हे कृपया कोणी विचारू नये.

शून्यएक
कुठला क्लाउड? लॉक कशाने केलं? झिप, व्हेराक्रिप्ट, आणखी काही? स्क्रीनवर काय येतं ते जसंच्या तसं लिहा.

नारळपाणी
मुळात लॉक हवंच कशाला? गूगल ड्राइव्हवर सगळं एन्क्रिप्टेडच (कुलूपबंद) असतं.

शून्यएक
असतं, पण किल्ली गूगलकडे असते. तुमचं खातं ज्याच्या हाती लागेल त्याला सगळं उघडं. वकिलाच्या कागदांना तेवढं पुरत नाही.

पेडण्याचा आजोबा
मी घरीच नॅस (फाइल्स साठवायचा डबा) बसवलाय, दोन डिस्कचा. एक गेली तरी दुसरी असते. महिन्याचं भाडं नाही.

मांडवीकाठ
आजोबा, चोर आला तर दोन्ही डिस्क एकाच पिशवीत नेईल. आणि पावसात लाईटचं काय होतं ते पेडण्याला आम्ही सांगायचं?

बार्देसकर
गूगल ड्राइव्ह. लॉक क्रिप्टोमेटर नावाच्या सॉफ्टवेअरने. ‘मास्टरकी सापडत नाही’ असं काहीतरी म्हणतो. मी कशाला हात लावलेला नाही. ऑफिसातल्या पोराने लॅपटॉपवरून ड्राइव्ह साफ केला होता, पण आमच्या फाइल्सना हात लावला नाही म्हणतो.

शून्यएक
हे पहिल्यांदाच लिहायचं होतं हो. फोल्डरमध्ये masterkey नावाची बारीकशी फाइल असते. फाइल्सच्या खऱ्या किल्ल्या तिच्यात असतात, तुमचा पासवर्ड फक्त ती फाइल उघडतो. ती गेली तर पासवर्ड बरोबर असून उपयोग नाही. पोराला कचरा वाटला असणार. ड्राइव्हचा ट्रॅश बघा, ३० दिवस राहतं. नाहीतर रिकव्हरी की, ४४ इंग्रजी शब्दांची. लिहून ठेवली होती का?

गणपतीपुरता
मी सगळं आरक्लोन नावाच्या टूलच्या क्रिप्टने लॉक करतो. एक कॉन्फिग (सेटिंगची) फाइल जपली की झालं. क्रिप्टोमेटर वगैरे खेळणी आहेत.

मांडवीकाठ
आणि ती कॉन्फिग फाइल त्या पोराने साफ केली तर? तीच कथा. शिवाय तुमच्या कॉन्फिगमधला पासवर्ड नुसता झाकलेला असतो, एका कमांडने उघड होतो.

गणपतीपुरता
कॉन्फिगलाही पासवर्ड लावता येतो, वाचा जरा.

बार्देसकर
भांडण नंतर करा. ट्रॅश त्याने रिकामा केलाय. ४४ शब्द कोणी लिहिलेच नाहीत.

शून्यएक
वॉल्टच्या, म्हणजे लॉक केलेल्या फोल्डरमध्येच masterkey ने सुरू होणारी आणि शेवटी bkup असलेली फाइल दिसते का? क्रिप्टोमेटर अधूनमधून स्वतःच प्रत काढून ठेवतो.

बार्देसकर
दोन आहेत! तारखा वेगळ्या.

शून्यएक
आधी सगळ्या वॉल्टची कॉपी दुसरीकडे. मग नवीन तारखेच्या फाइलची प्रत काढून तिचं नाव masterkey.cryptomator करा. vault.cryptomator ला हात लावू नका.

बार्देसकर
नवीन तारखेची उघडत नाही, फाइल खराब आहे म्हणतो. जुनीवर माझा पासवर्ड चुकीचा म्हणतो. मग आठवलं, ज्युनियर नोकरी सोडून गेला तेव्हा पासवर्ड बदलला होता. जुना टाकला आणि उघडलं! सगळं आहे आत. फार उपकार.

मांडवीकाठ
थांबा. जुन्या पासवर्डने उघडलं याचा अर्थ कळला का? पासवर्ड बदलला तरी आतली किल्ली तीच राहते. त्या ज्युनियरकडे masterkey ची जुनी प्रत असेल आणि एन्क्रिप्टेड फाइल्स त्याला मिळत असतील, तर तोही उघडू शकतो.

बार्देसकर
तो चांगला पोरगा आहे, आमच्याच वाड्यावरचा.

मांडवीकाठ
असेल. अशील त्याला ओळखतो का? ड्राइव्हमधून त्याचं शेअरिंग काढलंत का ते आत्ता बघा. आणि नवा वॉल्ट करून फाइल्स त्यात हलवा. त्याच्या लॅपटॉपवर आधीच उतरलेल्या फाइल्सना मात्र इलाज नाही.

शून्यएक
पुढच्या वेळी माणसागणिक किल्ली हवी असेल तर क्रिप्टोमेटर हब बघा. प्रत्येकाची वेगळी किल्ली, माणूस गेला की त्याचा प्रवेश काढता येतो. साधं हवं असेल तर प्रत्येक मोठ्या प्रकरणाचा वेगळा वॉल्ट. ४४ शब्द कागदावर, तो कागद बँकेच्या लॉकरात. लॅपटॉपच्या बॅगेत नको.

बार्देसकर
सोमवार जाऊ दे, मग करतो. शेअरिंग अजून चालूच होतं, काढलं.

पेडण्याचा आजोबा
माझ्या नॅसलाही अशी फाइल असते का? फिरता फिरता सांगा, घाई नाही.